सोळा आण्यांची साखळी

मोजणीदारानं टाकलेली चुन्याची रेघ विहिरीच्या अलीकडून गेली आणि म्हातारा उकंडा मटकन खाली बसला. रेघ अलीकडे म्हणजे विहीर पलीकडे, आणि पलीकडे म्हणजे सदाशिवरावच्या वावरात. बावीस घरांनी दोन उन्हाळे खपून खोदलेली विहीर मूठभर चुन्यानं दुसऱ्याची झाली होती.

"तीनशे एक फूट," वामनराव मोजणीदार टेप गुंडाळत म्हणाले. "नाल्याकाठच्या दगडापासून धुरा इथं येतो. कागद तसं सांगतो, माझ्या हातात काही नाही."

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आमच्याकडे धुऱ्यापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला जात नाहीत, मग इथं तर एका बाजूला सदाशिवरावची चाळीस एकर पराटीची, म्हणजे कपाशीची, जमीन आणि दुसऱ्या बाजूला बौद्धांच्या बावीस घरांची चिंचोळी पट्टी. साल एकसष्ट, वैशाखाचं ऊन, गाव बोरडोह, मारेगावपासून तीन कोसांवर.

या विहिरीची कथा काही जुनी नव्हती. छप्पन्न साली दसऱ्यानंतर दोन दिवसांनी या बावीस घरांतली माणसं चांद्याच्या मैदानावर जाऊन बौद्ध होऊन आली. आल्या आल्या त्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गाव म्हणालं, काम सोडता ना, मग आमच्या नाल्याच्या झऱ्यालाही हात लावू नका. तेव्हापासून बाया दीड कोसावरच्या नदीवरून पाणी आणत. सकाळी एक खेप, संध्याकाळी एक खेप, आणि उन्हाळ्यात वाळूत खड्डा करून वाटीनं पाणी भरायचं. अडीच वर्षं हे चाललं. मग पंजाबरावसारख्या जवान पोरांनी कुदळ उचलली आणि पट्टीच्या टोकाला विहीर खोदायला घेतली. गेल्या दिवाळीत पाणी लागलं, तेही गोड. नेमकी त्याच वर्षी सदाशिवरावची विहीर आटली. सदाशिवराव काही वाईट माणूस नव्हता, पण विहीर आटलेला माणूस होता. त्यानं मोजणीचा अर्ज दिला.

आता ही पट्टी या लोकांकडं आली कशी, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी तिकडे अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस बंदरात अडकला आणि विलायतेतल्या गिरण्या थंडावल्या. तिकडची गिरणीतली माणसं उपाशी बसली. तेव्हा कुठं साहेबाला आमची काळी माती आठवली! कापसासाठी सडका आल्या, आगगाडी आली, आणि मागोमाग साखळी घेऊन मोजणीवाले आले. कोणाची जमीन किती आणि तिच्यावर सारा किती बसतो, हे कळल्याशिवाय साहेबाला चैन कुठलं! पण साहेब मोठा बिलंदर. साखळी त्याची आणि शपथ आमच्या मरीमायची, पटकीच्या देवीची. जिथं धुऱ्याचा वाद असेल तिथं आधी गावच्या महाराला चालवायचं. शीव राखणं हे त्याचं काम आणि त्यासाठीच ही पट्टी त्याला दिलेली. त्यानं डोक्यावर ओल्या मातीचं ढेकूळ घ्यायचं, मरीमायची आण घ्यायची आणि अनवाणी, मागे न बघता चालायचं. तो थांबला तिथं धुरा. खोटा चालला तर वर्षाच्या आत मरीमाय त्याला नेणार, असा गावाचा समज. मग साहेब तेवढंच साखळीनं मोजून कागदावर घ्यायचा. फुकटात खरं बोलणारा माणूस मिळाल्यावर त्याला दुसरं काय हवं होतं!

सन सात-आठच्या फेरमोजणीत या धुऱ्यावर उकंडाचा बाप गोमाजी चालला होता. उकंडा तेव्हा अठरा वर्षांचा, साखळीचं पुढचं टोक त्याच्या हातात. बाप थांबला तिथं साहेबानं दगड रोवला आणि दगडाखाली कोळसा पुरला, कारण दगड कोणीही उचलून नेतो, कोळसा मातीत कुजत नाही. त्याच पावसाळ्यात पटकीची साथ आली आणि गोमाजी गेला. गाव म्हणालं, खोटा चालला असन, मरीमायनं नेला. त्या साथीत गावची चाळीस माणसं मेली होती. ती काय सगळी धुऱ्यावर चालली होती? पण हे गावाला विचारतो कोण. उकंडाच्या मनात मात्र ते बोलणं काट्यासारखं राहिलं.

नाल्याकाठचा दगड जागेवर होता, पण धुऱ्यावरचा साहेबाचा दगड केव्हाच कोणीतरी उचलून नेला होता. म्हणून उकंडानं मोजणीदाराला कोळशाचं सांगितलं. वामनरावांनी तीनशे एक फुटांवर, चुन्याच्या रेघेवरच, कमरेइतका खड्डा खणून घेतला. कोळसा तर सोडाच, काळी काडीसुद्धा निघाली नाही.

"म्हातारा गोष्टी चांगल्या सांगते," सदाशिवराव म्हणाला, आणि लोक हसले. मग तो एकदम गंभीर झाला. "हे पाहा, कागद माह्या बाजूचा आहे. तरी मी साऱ्या गावासमोर बोलून राह्यलो. उकंडानं आपल्या बापासारखं चालावं. डोक्शावर माती घ्यावी, मरीमायची आण घ्यावी. तो थांबन तिथं माहा धुरा. मंग विहीर तुमच्याकडं गेली तरी मी तोंडातून ब्र काढणार नाही."

काय डोकं होतं माणसाचं! उकंडा चालला नाही तर विहीर सदाशिवरावची, आणि चालला तर चांद्याला घेतलेल्या प्रतिज्ञेचं हसू सगळ्या तालुक्यात.

"दोघं राजी असाल तर मी तशी तडजोड लिहून घेतो," वामनराव म्हणाले. "उद्या सकाळी आठपर्यंत सांगा. मला पुढच्या गावाला जायचंय."

उकंडा घरी आल्यावर त्याच्या बायकोनं, मथुराबाईनं, त्याच्यापुढं भाकरी ठेवली आणि समोरच ठाण मांडलं. चुलीपाशी सून कौसल्या बसली होती. सातवा महिना लागलेला, उठताना जात्याचा आधार घ्यायची.

"जा नं चालून," मथुराबाई म्हणाली. "तुमच्या बाचं काम होतं ते. तुम्हाले कायची लाज?"

"चांद्याले तू बी होती नं व? काय बोललो होतो आपण? देवदेवी मानणार नाही, तिची पूजा करणार नाही. आता तिच्याच नावानं चालू?"

"बोललो तवा आपल्याजवळ विहीर नोहती."

तेवढ्यात पंजाबराव दारात आला. सातवी शिकलेला, बावीस घरांची कागदपत्रं तोच वाचायचा, दर पौर्णिमेला वंदना तोच म्हणायचा. त्यानं चपला काढल्या नाहीत, उभ्यानंच बोलला.

"आबाजी, विहीर दुसरी खणता येईल. दोन उन्हाळे लागतील, लागू द्या. पण तुम्ही ते ढेकूळ डोक्शावर घेतलं, तर हे लोक उद्या म्हणतील, मरीमायची आण घेता, मंग ढोरं ओढाले काहून लाजता? आपलं सारं पाण्यात जाईन."

"दुसरी खण म्हणे!" मथुराबाई उसळली. "अन तोवर?"

पंजाबराव खाली मान घालून निघून गेला. उकंडानं भाकरी तशीच सारली. त्याच्या पोटात जे होतं ते त्यानं दोघांनाही सांगितलं नव्हतं. एक म्हणजे, त्याला मरीमायची अजून भीती वाटायची. पाच वर्षं झाली होती, पण साथीचं नाव निघालं की हात आपोआप कपाळाकडे जायचा आणि मग त्याला स्वतःचीच चीड यायची. दुसरं त्याहून वाईट होतं. धुरा विहिरीच्या पलीकडं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण नेमका किती हात पलीकडं, हे ठाऊक नव्हतं. बाभळी तुटल्या होत्या, खुणेचं काहीच राहिलं नव्हतं. बावीस घरांची तहान मागे उभी असताना आपले पाय खरे चालतील की सोयीचे, याचा भरवसा त्याचा त्यालाच नव्हता. आणि अशा पायांवर शपथ घ्यायची?

सकाळी सगळं गाव धुऱ्यावर लोटलं. तमाशाच होता तो, फुकटचा. सदाशिवरावनं टोपल्यात ओल्या मातीचं ढेकूळ आणवलं होतं, त्यावर हळद, भोवती कडुनिंबाचे डहाळे. एका बाजूला बौद्धांच्या बाया विहिरीला धरून उभ्या होत्या.

उकंडा टोपल्याजवळ गेला आणि ढेकळाकडं बघत राहिला. मथुराबाईनं पदर तोंडात धरला.

"मी चालतो," तो म्हणाला. पंजाबराव त्याला अडवायला पुढं आला. "पण हे डोक्शावर घेणार नाही. मरीमायचं नाव घेणार नाही. अन आधीच सांगतो, चार-दोन हात इकडंतिकडं होईन. मले आठवते तसं चालतो. माह्या तोंडचा शब्द घ्यायचा असन तर घ्या."

"नुसत्या शब्दाले कोण इचारते?" सदाशिवराव म्हणाला.

"भेला रे भेला!" मागून कोणीतरी ओरडलं. "बापासारखा मरन म्हून भेला!"

हशा पिकला. उकंडा टोपल्यापासून दोन पावलं मागं सरला आणि तिथंच उभा राहिला.

"लिहा साहेब," सदाशिवराव म्हणाला. "झालं ते झालं."

वामनरावांनी निंबाखाली बसून पंचनामा लिहिला आणि रिवाजाप्रमाणं मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली. सदाशिवरावची सही झाली होती. उकंडाच्या अंगठ्याला शाई लावली गेली होती, अंगठा कागदावर टेकायचाच बाकी होता. वामनराव भराभर वाचत होते, "...नाल्याकाठच्या दगडापासून पूर्वेकडे नऊ दशांश तेरा साखळ्या, म्हणजेच तीनशे एक फूट..."

उकंडाचा अंगठा हवेतच थांबला.

"साहेब, तेरा काय?"

"काय म्हणजे? नऊ दशांश एक तीन."

"ते दशांश मले नाही समजत. नऊ साखळ्या, हे समजलं. तेरा काय? तेरा आणे नं?"

पुन्हा हशा. "आबाजी, आणे गेले आता!" एक जण ओरडला. "चार वर्षं झाली! आता नवे पैसे आहेत!"

"बाजारातून गेले असन," उकंडा म्हणाला. "साखळीतून कसे जाईन बे?"

काल दिवसभर मोजणीदार फुटांतच बोलला होता, त्यामुळं साखळीचा आकडा उकंडाच्या कानावर आत्ताच पडला होता. आता तो आकडा धरून बसला. "गोऱ्या साहेबाची साखळी तेहतीस फुटांची. तिच्यात सोळा आणे राहे. दर चार आण्याले पितळीचा बिल्ला. चारावर एक दाता, म्हणजे दात, आठावर दोन, बारावर तीन. तेरा आणे म्हणजे तीन दात्यांचा बिल्ला अन वर एक कडी. म्हणजे पाऊण साखळीच्या वर. ते तेरा शंभरातले नाहीत साहेब, ते तेरा सोळातले आहेत. ह्या हातांनी वढली ते साखळी, रोज सोळा आणे मोजले. खोटं कायले बोलू?"

वामनरावांचा चेहरा उतरला. सव्वीस वर्षांचा माणूस, नोकरीत तीन वर्षं झालेली. जुन्या कागदाची नक्कल त्यांनी स्वतःच केली होती. आता सगळीकडे दशांश चालू झाले, म्हणून मोठ्या हौसेनं त्यांनी सगळे आकडे नव्या पद्धतीनं लिहिले होते. मूळ कागद पिशवीतच होता. पिशवी उघडली नाही तर कोणाला काय कळणार होतं? अंगठ्याला शाई लागलेलीच होती.

"साहेब, जुना कागद आहे नं तुमच्यापाशी?" पंजाबराव पुढं सरकत म्हणाला. "दाखवा नं. आम्ही बी पाहू."

वामनरावांनी पिशवी उघडली आणि पिवळा पडलेला कागद मांडीवर पसरला. पंजाबराव वाकला आणि त्यानं बोट ठेवलं. नऊच्या वर लिहिलं होतं 'सा.' आणि तेराच्या वर 'आ.'

"सा म्हणजे साखळी," पंजाबराव म्हणाला. "आ म्हणजे काय साहेब?"

"आणे," वामनराव म्हणाले. त्यांनी रुमालानं मान पुसली. "चूक झाली. माझीच चूक आहे." पेन्सिलीनं त्यांनी हिशेब केला, पुन्हा केला. "तीनशे चोवीस फूट, दोन बोटं कमी. धुरा पंधरा हात पुढं जातो."

बायांमध्ये एकच कालवा उठला. सदाशिवराव ताडकन उभा राहिला. "वा रे वा! एका म्हाताऱ्याच्या बोलण्यावर सरकारी कागद बदलता? काल मोजला तो धुरा काय, आज मोजला तो काय! मी वरपर्यंत जाईन!"

"तिथं खणू," वामनराव म्हणाले. "कोळसा निघाला तर तुम्ही मान्य करायचं. नाही निघाला तर मी प्रकरण वर पाठवतो, आणि निकाल लागेपर्यंत या विहिरीचं पाणी कोणीच काढायचं नाही."

म्हणजे सगळा वैशाख, सगळा जेठ, कदाचित पुढचं वर्षसुद्धा. बायांचा कालवा जसा उठला तसा बसला.

टेप धरली, खूण केली. पंजाबरावनं कुदळ घेतली. उन्हानं माती दगडासारखी झाली होती, ढेकळं निघत होती. एक हात खोल गेलं, काही नाही. दीड हात, काही नाही. दोन हातांवर पंजाबराव दम खायला थांबला आणि त्यानं उकंडाकडं पाहिलं. सदाशिवराव काठावर उकिडवा बसून खड्ड्यात बघत होता. प्रकरण वर गेलं तर पाणी त्यालाही मिळणार नव्हतं.

"आणखी खाली जा," उकंडा म्हणाला. "नाल्याची माती दरसाल येऊन बसते. पन्नास पावसाळे झाले."

अडीच हातांवर फुटक्या कवेलूचे, म्हणजे कौलाचे, दोन तुकडे निघाले. "कवेलू का कुठंही निघते," सदाशिवराव पुटपुटला. आणखी खाली नुसती काळी माती. काळ्या मातीत काळा कोळसा दिसावा तरी कसा! पंजाबराव उपसत होता आणि बाहेर टाकत होता. तेवढ्यात उकंडा सत्तर वर्षांच्या अंगानिशी खड्ड्यात उतरला. मूठमूठ माती घेऊन तो बोटांनी चुरायला लागला. मऊ ढेकूळ फुटायचं, तो टाकायचा. पुन्हा घ्यायचा, पुन्हा टाकायचा. सगळं गाव त्याच्या बोटांकडं बघत होतं. एक खडा फुटेना. त्यानं तो आपल्या पांढऱ्या धोतरावर ओढला. धोतरावर काळीकुट्ट रेघ उमटली.

उकंडानं तो तुकडा वर सदाशिवरावच्या हातात दिला आणि खाली पुन्हा हात घातला. ओंजळभर निघाला.

सदाशिवरावनं तुकडा नखानं खरवडला, वास घेतला, तळहातावर घासला. "कोळसाच आहे," तो शेवटी म्हणाला. "पाणी तुमचं." माणूस जिभेचा पक्का निघाला, हे म्हटलंच पाहिजे. वामनरावांनी मघाचा पंचनामा फाडला आणि नवा लिहायला घेतला.

जाता जाता सदाशिवराव वळला. "उकंडा, एक सांग. ते आणे आठवले नसते, तर मंग घेतली असती काय माती डोक्शावर?"

"नाही."

"विहीर जाऊ देल्ली असती?"

"जाऊ देल्ली असती," उकंडा म्हणाला. म्हणताना त्याची छाती जरा पुढं आली.

बौद्धांच्या पोरांनी एकदम जयजयकार केला. पंजाबरावनं तर म्हाताऱ्याला मिठीच मारली. उकंडा हसत हसत विहिरीकडं आला. तिथं मथुराबाई दोर हातात घेऊन उभी होती, आणि ती हसत नव्हती.

"जाऊ देल्ली असती?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "अन नदीवरून पाणी कोणं आणलं असतं? तुम्ही? ह्या पोट्ट्यांनी? परसाली चैतात कौसल्याचं पोट त्या वाटेवर पडलं. घागर डोक्शावर होती. कोणाले सांगितलं नाही आम्ही, दोघी बायकांनी तिथंच वाळूत पुरलं अन पाणी घेऊन घरी आलो. तुम्ही पेले ते पाणी."

पोरांचा जयजयकार थांबला. कौसल्या विहिरीच्या पलीकडं पाठ करून उभी होती. विहीर वाचली होती, शब्द वाचला होता, तरी उकंडाला कोणाकडं बघायची हिंमत होत नव्हती. त्यानं मथुराबाईच्या हातातला दोर घ्यायला हात पुढं केला.

मथुराबाईनं दोर दिला नाही. तिनं स्वतःच बादली खाली सोडली.